दोन चपात्यांत पोट भरतं, मग वजन वाढणार कसं?

प्रश्न: ताई, वय २३, उंची ५ फूट ९ इंच, वजन ५६ किलो. इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब बघतो. जूनपासून रोज संध्याकाळी ७ ला जिमला जातोय, पण काटा जागचा हलत नाही. ट्रेनर म्हणतो सहा वेळा खा, आठ अंडी खा. मला दोन चपात्यांत पोट भरतं, तिसरी घेतली की मळमळतं. सकाळी चहा-खारी, साडेनऊला पोहे, दुपारी २ ला डब्यात दोन चपात्या आणि भाजी, कारखान्यात तीन चहा, रात्री १० ला दीड चपाती, भात, आमटी. रविवारी मटण. मित्र माझ्याएवढंच खातो आणि त्याचं अंग भरतं. ३००० रुपयांचा मास गेनरचा (वजन वाढवायच्या पावडरीचा) डबा आणू का? आई म्हणते, पोटात जंत असतील.

उत्तर: आधी आईचं बोलणं घेते, कारण ते उडवून लावण्यासारखं नाही. गेल्या काही महिन्यांत वजन आपोआप उतरलंय का? संध्याकाळी कणकण, दोन आठवड्यांहून जुना खोकला, सारखी तहान-लघवी, वरचेवर पातळ परसाकडे, विनाकारण धडधड, यांतलं काही असेल तर जिम आणि हा लेख दोन्ही बाजूला ठेव आणि डॉक्टरांकडे जा. क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड ही दुखणी तुझ्या वयातही निघतात. बाकी काही नसलं तरी हिमोग्लोबिन तपासून घे. लोह कमी असलं की भूक मरते, आणि जंतांमुळे लोह कमी होतं, म्हणजे आईचा नेम अगदीच चुकीचा नाही. पण दहावीपासून असाच काटकुळा असशील आणि एरवी ठणठणीत असशील, तर तुझी चण तशी आहे.

आणि ५६ किलोची लाज वाटून घेऊ नकोस. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं ते ५७ किलो गटात. उंचीच्या मानानं तू बारीक आहेस, एवढंच.

आता हिशेब. तो तुझ्या हातातला विषय, पटकन कळेल. तू लिहिलेलं सगळं मांडून पाहिलं तर दिवसाच्या १८०० ते १९०० कॅलरी होतात. वजन स्थिर आहे याचा अर्थ तू कमवतोस तेवढंच खर्चतोस. स्नायू घडायला याच्यावर रोज ३०० ते ४०० कॅलरी लागतात. बस्स! आठ अंडी आणि सहा जेवणं हा ट्रेनरचा स्वतःचा आहार असेल, तो तुझ्या गळ्यात कशाला? मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे १७० कॅलरी, पेलाभर म्हशीचं दूध २००, चमचाभर तूप ४५. झाले ४००. यात तिसरी चपाती कुठेच आली नाही.

म्हणून ताट मोठं करू नकोस, घास जड कर. डाळ-भातावर तूप, पोह्यांवर ओलं खोबरं आणि शेंगदाणे जास्त, भाजीत दाण्याचं कूट, डब्यात चपातीला तूप लावून वर शेंगदाण्याची चटणी. तेला-तुपाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, पीठ-साखरेच्या ग्रॅममध्ये ४. लहान पोटाला याच आकड्याचा आधार आहे.

इतरांना मी जे सांगते त्याच्या बरोबर उलटं तुला सांगतेय, तेव्हा घरात कुणाचं वजन जास्त असेल तर हे पान त्यांना दाखवू नकोस. जेवणाआधी तांब्याभर पाणी पिऊ नकोस. काकडी-गाजर शेवटी. भाकरीपेक्षा भात जास्त जातो, तर रात्री भात खा; ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तुझं पोट ती लगेच भरून टाकते. रविवारी तांबडा-पांढरा असेल तर आधी मटणाचे तुकडे, मग रस्सा. आमच्याकडं लोक वाट्यांवर वाट्या रस्सा ओढतात आणि ताटातलं मटण शेजारच्याला देतात, हा दानधर्म तुला परवडायचा नाही.

आणि तो चहा! दिवसाचे चार कप. दर कपाला भूक थोडी मरते, आणि जेवणाला लागून घेतला तर अन्नातलं लोहही नीट शोषलं जात नाही. दोन ठेव. कारखान्यातल्या दुपारच्या चहाच्या जागी फुटाणे-गूळ नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. सिगारेट, मावा, तंबाखू यांतलं काही असेल तर तेही भूक मारतं. पत्रात लिहिलं नाहीस म्हणजे नसेल, असं धरते.

खाववत नसेल तर पी. पातळ पदार्थ घट्ट जेवणापेक्षा लवकर पोटातून पुढं सरकतो, आणि ही गोष्ट कोल्हापूरच्या पैलवानांना कॅलरी शब्द इकडं यायच्या आधीपासून ठाऊक आहे. आमचे आजोबा तालमीत जायचे. तिथल्या थंडाईसाठी भिजवलेले बदाम, खसखस, मगज, बडीशेप, मिरी कुंडीत घालून ती मांडीत धरायची आणि जाड दांड्यानं घोटत बसायचं. बदामाचं तेल सुटून कुंडीच्या कडेला चकाकी आली की दूध घालायचं, आणि ते फडक्यातून गाळून घ्यायचं. उरलेला चोथाही कुणी टाकत नसे. बदाम महाग पडतील, म्हणून तुझी थंडाई मी अशी बसवते: भिजवलेले शेंगदाणे २० ग्रॅम, एक केळं, डाळ्याचं पीठ १५ ग्रॅम, गुळाचा छोटा खडा, २०० मिलिलिटर थंड दूध. मिक्सरमधून दोनदा फिरव. गूळ थंड दुधातच घाल, गरम दुधात ते फाटतं. यात ५०० च्या आसपास कॅलरी आणि १६ ग्रॅम प्रथिनं मिळतात. वेळ महत्त्वाची. जिमहून येऊन लगेच ढोसलंस तर रात्रीचं जेवण जाणार नाही. झोपायच्या आधी घे, म्हणजे पुढच्या जेवणाची जागा अडत नाही. रात्री जड वाटलं तर बाटलीत भरून कारखान्याच्या फ्रीजमध्ये ठेव आणि सकाळी साडेअकराला घोट घोट संपव. दुधानं पोट फुगत असेल तर दूध काढून दही घाल, पुष्कळांना ते चालतं.

दुधावरून आठवलं. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून पेला हातात देतात. फेस मिशीला लागलेलं ते धारोष्ण दूध चवीला एक नंबर, कबूल. पण घरी आण, उकळ आणि मग पी. कच्च्या दुधातून क्षयाचे आणि ब्रुसेलाचे जंतू येऊ शकतात, आणि उकळल्यानं ताकद जाते ही निव्वळ थाप.

प्रथिनं तुझ्या वजनाला दिवसाला ७० ते ९० ग्रॅम हवीत. सध्या ५० च्या आत असतील. नाश्त्याला दोन अंडी (१२ ग्रॅम), रात्रीच्या भाजीत ३० ग्रॅम सोयाबीन वड्या (१५ ग्रॅम), वर सांगितलेलं पेय, आणि आमटीऐवजी घट्ट मुगाची किंवा मटकीची उसळ. जमलं. हे सगळं सोमवारपासून एकदम सुरू करू नकोस, पोट बंड करेल. पहिल्या आठवड्यात फक्त तूप-शेंगदाणे, दुसऱ्यात पेय, तिसऱ्यात अंडी. आणि भूक लागायची वाट बघू नकोस, घड्याळ बघून खा. दुपारचा डबा २ ऐवजी १ ला उघड. तुझे साडेनऊ ते दोन हे तास नुसत्या चहावर जातात.

मित्राचं म्हणशील तर तुझी तक्रार खरी असू शकते. १९९९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १६ जणांना ८ आठवडे रोज १००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कुणाची चरबी अर्धा किलोही वाढली नाही, कुणाची ४ किलोंवर गेली. ज्यांची वाढली नाही ते नकळत जास्त हालचाल करत होते: उठबस, येरझाऱ्या, पाय हलवणं. तू त्यांतला असशील. पाय हलवणं थांबव असं काही मी म्हणणार नाही. फक्त जिमला जोडून अर्धा तास पळत असशील तर ते कमी कर, आणि वजनं उचलण्याला वेळ दे. उठक-बैठक, डेडलिफ्ट, प्रेस यांत दर आठवड्याला थोडं वजन नाहीतर एखादा रेप (आवर्तन) वाढला पाहिजे. नाहीतर हे तूप दंडावर न जाता पोटावर जाईल.

मास गेनरचा डबा उलटा कर आणि घटक वाच. बहुतेक डब्यांत सुरुवातीलाच माल्टोडेक्स्ट्रिन असतं, म्हणजे साखरेच्या जवळचं स्टार्च. विष नाही, पण ३००० रुपयांत तुझं रोजचं पेलाभर दूध सहा महिने येतं. यापेक्षा मला भीती वाटते ती भूक वाढवणाऱ्या सिरपची आणि खुल्या पुडीतल्या वजनवाढीच्या कॅप्सूलची. ते सिरप मुळात ॲलर्जीचं औषध असतं, दिवसभर झोप येते. आणि त्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. महिन्यात गाल फुगतात, पोरं खूश होतात, ते पाणी असतं. जिममध्ये कुणी इंजेक्शनचं नाव काढलं तर ती जिम सोड.

महिन्याला किलोभर वाढ म्हणजे उत्तम चाललंय. रविवारी सकाळी उपाशीपोटी, एकाच काट्यावर वजन कर. दोन आठवडे काटा थिजला तर आणखी दीडशे कॅलरी चढव.

प्रश्न: माझ्या सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षात हातपाय बारीक झाले, उठताना खुर्चीचा हात धरतात. जेवण चिमणीएवढं. त्यांना काय द्यावं? (चिपळूण)

उत्तर: या वयात स्नायू भराभर उतरतात, आणि चहा-बिस्किटावर तर फारच. सकाळच्या पहिल्या घासातच प्रथिनं जाऊ द्या: एक अंडं, किंवा मुगाचं धिरडं आणि वाटीभर घट्ट दही. मऊ भातात तूप आणि मेतकूट, सोलकढीआधी मासा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारा. पण आधी तीन गोष्टी बघा. कवळी टोचते का, पोट साफ होतं का, आणि औषधं कोणती चालू आहेत. मधुमेहाच्या मेटफॉर्मिननं पुष्कळांची भूक जाते. गोळी स्वतः बंद करू नका, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. आणि खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम रोज दोनदा, पाच-पाच वेळा, शेजारी कुणीतरी उभं राहून.