सेकंडहँड जिप्सी घेतली आहे. गिअर ऑइल बदलायचं की नाही, आणि घरी जमेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०११ ची मारुती जिप्सी सेकंडहँड घेतली. इंजिन ऑइलची बिलं मिळाली, पण गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) आणि पुढचा-मागचा डिफरन्शियल (दोन चाकांच्या मधला गोल डबा, ताकद चाकांना देणारा), यांचं तेल शेवटचं कधी बदललं ते कुणालाच ठाऊक नाही. मेकॅनिक म्हणतो, हे तेल आयुष्यभर चालतं, उगाच उघडू नका. खरं काय, आणि घरी करता येईल का?

बदला. येत्या रविवारीच बदला. घरी नक्की जमेल, फक्त चार ठिकाणचं तेल चार वेगळ्या भांड्यांत काढा. एकाच घमेल्यात सगळं ओतलंत तर अर्धं काम वाया गेलं म्हणून समजा. जुनी गाडी घेतल्यावर नवीन तेल घालण्यापेक्षा जुनं तेल बघणं जास्त महत्त्वाचं असतं. आधीच्या मालकाने जे सांगितलं नाही ते त्या भांड्यात दिसतं.

मी चंद्रपूरचा. घरची जिप्सी १९९९ ची, आणि ओळखीपाळखीत ताडोब्याला सफारीच्या जिप्सी चालवणारे चार-सहा जण. १ जुलैला कोअरचे, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागाचे, गेट तीन महिन्यांसाठी बंद झाले की या सगळ्या गाड्या शेडमध्ये येतात आणि खालची कामं निघतात. त्यामुळे दर पावसाळ्यात माझ्या गाडीबरोबर दुसऱ्यांच्या गाड्यांचं तेलही बघायला मिळतं. मी मेकॅनिक नाही, पण हात काळे करायची सवय आहे.

"आयुष्यभर चालतं" हे कशावरून येतं ते आधी सांगतो. इंजिनमध्ये पेट्रोल जळतं, काजळी होते, म्हणून ते तेल लवकर मरतं. गिअरबॉक्समध्ये आणि डिफरन्शियलमध्ये काही जळत नाही, म्हणून तिथलं तेल खूप टिकतं, हे बरोबर आहे. पण इंजिनाला फिल्टर असतो, जिप्सीच्या या चार ठिकाणी तो नसतो. दातांवरून झिजलेला लोखंडाचा कीस त्याच तेलात फिरत राहतो. क्राऊन, म्हणजे डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक, खालून तेलात बुडालेला असतो, फिरताना तो तेल वर उडवतो आणि त्या शिंतोड्यांवर सगळी बेअरिंगं जगतात. तेल घाण झालं किंवा निम्मं गळून गेलं तर ते सांगायला डॅशबोर्डवर दिवाही नाही. आवाज यायला लागला की समजायचं, आणि तोवर क्राऊन-पिनियनचा खर्च बसलेला असतो.

आता तेल कुठलं. गोंधळ इथेच होतो. डब्यावर दोन गोष्टी बघायच्या. ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० हा जाडीचा आकडा. पुढचा आकडा थंडीतला, मागचा तापल्यावरचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४७ च्या आसपास जातो, तेव्हा दोन्ही तेलं सारखीच वागतात, कारण मागचा आकडा तोच आहे. फरक कळतो तो डिसेंबरच्या पहाटेच्या सफारीला, दुसरा गिअर टाकताना. आणि हो, हे ९० इंजिन ऑइलच्या आकड्यांशी ताडून बघू नका. दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअर ऑइलचं ९० हे जाडीला साधारण इंजिनच्या ४०-५० इतकंच असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: जीएल-४ की जीएल-५, हा डब्यावर छापलेला तेलाचा प्रकार. डिफरन्शियलमधला पिनियन, म्हणजे क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर, क्राऊनच्या मध्यरेषेच्या खालून लागतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. हा दाब साध्या तेलाची साय फाडून टाकतो. म्हणून डिफरन्शियलला जीएल-५, त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त. गिअर ऑइलचा तो डोक्यात जाणारा वास याच गंधकाचा. गिअरबॉक्समध्ये मात्र पितळी सिंक्रो रिंगा असतात. त्यांचं काम घासून वेग जुळवण्याचं. तेल फार निसरडं झालं की रिंग पकडत नाही, आणि काही जीएल-५ तेलांतली रसायनं तापल्यावर पितळ खातात. म्हणून गिअरबॉक्सला आणि ट्रान्स्फर केसला जीएल-४. "एकच डबा घ्या, सगळीकडे चालतो" असं दुकानदार म्हणेल. एका गॅरेजने माझ्या गाडीत हेच केलं होतं. पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर खर्र करून पडायचा, मी महिनाभर क्लचला शिव्या घालत होतो. शेवटी तेल काढून जीएल-४ भरलं आणि आठवड्यात आवाज गेला.

माझ्या गाडीत गिअरबॉक्सला साधारण १.३ लिटर, ट्रान्स्फर केसला ०.८, पुढच्या डिफरन्शियलला २ आणि मागच्याला दीड लिटर लागतं. तुमच्या पुस्तिकेतला आकडा वेगळा असेल तर पुस्तिकेचं ऐका. हे वाचणाऱ्या इतर गाडीवाल्यांनी तर माझे आकडे अजिबात उचलू नयेत. जिप्सीची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून सुटी आहे, मध्ये छोटा शाफ्ट, आणि आत सगळे गिअरच. पुष्कळ नव्या फोर बाय फोर गाड्यांत आत चेन असते आणि तिथे गिअर ऑइल नाही, ऑटोमॅटिक गाड्यांचं पातळ लाल तेल लागतं. तिथे ९० नंबर ओतलं तर झालं कल्याण.

आता प्रत्यक्ष काम. दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणा, तेल कोमट झालं की तळाचा गाळ घेऊन बाहेर येतं. सपाट जागेवर लावा, चारही चाकांना पुढून-मागून दगड लावा. ट्रान्स्फरचा लिव्हर न्यूट्रलवर राहिला असेल तर गाडी गिअरमध्ये असूनही ढकलली जाते, हे नवीन जिप्सीवाल्यांना माहीत नसतं. खाली शिरण्याआधी तो लिव्हर टू-एचवर (फक्त मागची चाकं ओढतात ती जागा) आहे ना ते बघा. जिप्सी उंच आहे, जॅकची गरज पडत नाही. लावलाच तर घोडीशिवाय (जॅक स्टँडशिवाय) खाली जाऊ नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: आधी वरचा, तेल भरायचा बोल्ट उघडा. तो उघडला तरच खालचा उघडा.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. पहिल्या वेळी उत्साहात मागच्या डिफरन्शियलचा खालचा बोल्ट काढला, तेल घमेल्यात पडलं, छान वाटलं. मग वरच्या बोल्टला पाना लावला. हलेना. पान्याला पाईप घातला, जोर दिला, पाना सटकला आणि बोल्टची कडा गोल झाली. रविवारची संध्याकाळ, गाडीत थेंबभर तेल नाही, भरायला भोक नाही, आणि गाडी हलवायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाल्याला घरी बोलवावं लागलं. त्याने हौसिंग पुसून घेतलं, बॅटरीची वायर काढायला लावली, गोल झालेल्या बोल्टच्या डोक्यावर एक जुना नट ठेवला आणि आतून टाका मारला. लालभडक झालेला नट थोडा निवू दिला आणि रिंग पाना लावून हलकेच मागे-पुढे केला. कट्ट असा आवाज आला आणि बोल्ट असा सुटला जणू हातानेच लावला होता. उष्णतेने गंज मोडतो, हे त्याने मला शंभर रुपयांत शिकवलं. तेव्हापासून आदल्या रात्रीच सगळ्या बोल्टांभोवती वायर ब्रश मारून गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवतो, आणि पाना अगदी मापाचाच वापरतो.

वरचा सुटला की खालचा काढा आणि भांडं धरा. चारही भांड्यांवर खडूने नाव लिहा: गिअर, ट्रान्स्फर, पुढचा, मागचा. तेल पूर्ण थेंब-थेंब होईपर्यंत थांबा, तोवर चहा घ्या.

मग भांडी उन्हात नेऊन बघा. मधासारखं किंवा तपकिरी असेल तर उत्तम. काळं पडलंय पण बोटांत चोळल्यावर गुळगुळीत आहे, म्हणजे नुसतं म्हातारं झालंय. बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी मेणासारखा थर दिसेल. तो असणारच, घाबरू नका, चिंधीने पुसून टाका. थर पुसताना नखाएवढा पत्रा किंवा दाताचा टवका हाताला लागला तर मात्र हौसिंग उघडावं लागणार. तेलात सोनेरी चमक दिसली तर ते पितळ, म्हणजे सिंक्रो रिंगा झिजताहेत. गिअरबॉक्सच्या भांड्यात थोडी चमक जुन्या गाडीत चालते. तेच डिफरन्शियलच्या भांड्यात शोधत बसू नका, तिथे सिंक्रो नसतात.

तेल दूध घातलेल्या चहासारखं असेल तर पाणी शिरलंय. ते कसं शिरतं ते समजून घ्या, कारण पावसाळ्यात तुम्ही नाले पार करणारच. डिफरन्शियल चालून तापलेला असतो. गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि बाहेरून ओढून घेते. हौसिंगवर हवा आत-बाहेर जायला एक छोटा ब्रीदर असतो, टोपीसारखा. तो पाण्याखाली गेला तर त्यातून, नि मातीने बुजला असेल तर ऑइल सीलमधून पाणी आत येतं. त्यामुळे ब्रीदरची टोपी बोटाने फिरते का ते बघा, साफ करा. पुष्कळ जण तिथे रबरी नळी जोडून तोंड वर बॉडीपाशी नेऊन ठेवतात. स्वस्तातलं आणि खरोखर उपयोगाचं काम आहे.

मोठा नाला पार केला असेल तर मी गाडी रात्रभर उभी ठेवतो. सकाळी, गाडी न हलवता, खालचा बोल्ट जेमतेम दोन आटे सैल करतो. पाणी तेलापेक्षा जड, रात्रीतून तळाशी बसतं. मागच्या वर्षी पहिले सात-आठ थेंब स्वच्छ पाण्याचे पडले, जमिनीवर नुसते ओले डाग, मग एकदम पिवळसर तेलाची तार सुरू झाली. लगेच बोल्ट आवळला आणि त्याच दिवशी तेल बदललं.

पुढच्या बाजूला जिप्सीची एक खास खोड आहे. पुढच्या चाकांच्या मागे जे गोल लोखंडी गोळे दिसतात त्यांच्या आत ग्रीस असतं. आतलं सील गेलं की डिफरन्शियलचं तेल त्या गोळ्यात उतरतं, ग्रीस पातळ होतं आणि चाकाच्या आतून काळा ओघळ येतो. लोक ब्रेक ऑइल गळतंय समजून ब्रेकची कामं काढतात. तुमच्या पुढच्या डिफरन्शियलमधून दोनऐवजी लिटरभरच तेल निघालं तर आधी हा ओघळ शोधा. आणि आधीच्या मालकाने गाडी कायम टू-एचमध्येच चालवली असेल तर पुढचे गिअर वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेले असतात, वरच्या अंगाला गंजही धरतो. महिन्यातून एकदा हब लॉक करून (पुढच्या चाकांच्या मधलं कुलूप फिरवून चाकं आतल्या शाफ्टला जोडून) पाच-दहा किलोमीटर कच्च्या रस्त्यावर फोर-एचमध्ये, म्हणजे चारही चाकं ओढतील असं, चालवा. डांबरी रस्त्यावर नको, वळणावर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात आणि मधे सैल सोडायला काही नसल्याने सगळा पीळ शाफ्टवर आणि गिअरवर येतो.

भरणं सोपं आहे. मोठी सिरिंज किंवा हातपंप मिळाला तर बरं, नाहीतर बॉनेटमधून लांब पारदर्शक नळी सोडून वर नरसाळं धरायला घरातलं कुणीतरी लागतं. आमच्याकडे हे काम मुलीचं. खालचा बोल्ट आधी आवळायचा, हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण एकदा मीच विसरलोय. तेल वरच्या भोकातून बारीक धारेने परत बाहेर येऊ लागलं की थांबा, गळणं बंद होऊ द्या, बोल्ट लावा. "थोडं जास्त असलेलं बरं" हा हिशेब इथे चालत नाही. जास्तीचं तेल तापून फेसाळतं आणि मागच्या बाजूला सील ओलांडून ब्रेकच्या ड्रममध्ये जातं. बोल्टला वॉशर असेल तर नवीन टाका, आणि आवळताना पान्याला पाईप घालू नका. आटे गेले तर हौसिंग खोलावं लागेल.

शेवटी ग्रीस गन काढून शाफ्टच्या क्रॉसना, म्हणजे टोकांच्या सांध्यांना, जिथे ग्रीस भरायचे निपल असतील तिथे ग्रीस मारा, खाली आहातच तर. जुनं तेल नालीत ओतू नका, डब्यात भरून गॅरेजच्या ड्रममध्ये टाकून या. शेजारचे काका कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून मागायला येतील, त्यांनाही मी देत नाही, पावसाबरोबर ते विहिरीकडेच जातं.

पुढच्या वेळी कधी, तर मी २०-२५ हजार किलोमीटरला बदलतो, आणि पाणी शिरल्याची शंका आली तर लगेच. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि त्यावर चारही ठिकाणांच्या खुणा करून ठेवा. सकाळी डाग दिसला तर तो कुठल्या खुणेपाशी पडलाय आणि भांड्यांत काय निघालं, ते इथे लिहा, मग पुढचं बघू.