मुंबईत फूटपाथवर राहणारे लोक महापालिकेच्या निवाऱ्यात का जात नाहीत?

प्रश्नाखाली तुम्ही पुढे लिहिलंय, "सोय असूनही जागा सोडत नाहीत, म्हणजे त्यांना असंच राहायचं असतं का?" त्या शेवटच्या वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसले. हेच वाक्य माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने मला २०११ साली ऐकवलं होतं आणि त्यावरून आमच्यात दोन दिवाळ्या बोलणं नव्हतं.

आधी "सोय असूनही" एवढं बघू. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा. त्यात शंभर माणसांची सोय हवी आणि तो चोवीस तास, बारा महिने उघडा हवा. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशे निवारे, साडेबारा हजार माणसांची जागा. त्याच जनगणनेत मुंबईत बेघर मोजले गेले सुमारे ५७ हजार. आदेश शब्दशः पाळला असता तरी पाचातल्या चौघांना जागा मिळाली नसती. आणि सव्वाशेच्या आसपासही हे शहर आजवर पोचलेलं नाही. तेव्हा सोय आहे आणि लोक जात नाहीत, हे गृहीतच चुकीचं आहे.

त्या ५७ हजारांतले ४३ मी स्वतः मोजलेत.

मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते, २०१८ ला निवृत्त झाले. जनगणनेला प्रगणक म्हणून आमचीच नावं लागतात. ९ फेब्रुवारीपासून घरोघरी फिरायचं आणि २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर मोजायचे. सगळ्या देशात एकाच रात्री, कारण ही माणसं सकाळी कामाला पांगतात आणि मग कोण कुठे मोजलं गेलं याचा मेळ लागत नाही. जनगणनेच्या भाषेत बेघर म्हणजे ज्यांचं बिऱ्हाड कुठल्याच घरात नाही ते. रस्त्याकडेला, फूटपाथवर, ह्यूम पाइपात, जिन्याखाली, पुलाखाली, देवळाच्या मंडपात, रेल्वेच्या फलाटावर राहणारे. प्रशिक्षणात आमचा सगळ्यात मोठा वाद झाला तो ताडपत्रीवर. भिंतीला बांबू टेकवून वर ताडपत्री टाकली, तर ते घर धरायचं की नाही? एकेका पर्यवेक्षकाचं उत्तर वेगळं. एवढ्यावरून एखादं कुटुंब बेघरांच्या आकड्यात येतं किंवा येत नाही.

माझ्या वाट्याला आमच्या घरापासून पाच मिनिटांवरचा उड्डाणपूल आला. तिथून मी रोज शाळेत जायचे. खाली कोणी राहतं हे माहीत होतं, पण किती जण राहतात हे मी कधी पाहिलं नव्हतं. रात्री दहानंतर आमच्या शाळेतले एक सर आणि मी तिथे पोचलो. अकरा बिऱ्हाडं निघाली. बहुतेक फासेपारधी, दोन कुटुंबं मराठवाड्यातून आलेली, आणि चार एकटे पुरुष. ते चौघे लग्नाच्या केटरिंगला वाढपी म्हणून जायचे. त्या रात्री काम नव्हतं म्हणून सापडले.

फॉर्म बघितल्यावर सगळे उठून उभे राहिले. गजरे विकणारी एक बाई पुढे आली आणि म्हणाली, "बाई, उठवाया आलात व्हय? सकाळपातूर तरी ऱ्हाऊ द्या, पोरं झोपल्यात." मी म्हटलं, मोजायला आलोय. ती म्हणाली, "आधी मोजत्यात, मग उठवत्यात." मला त्यावर उत्तर नव्हतं. आजही नाही.

तिला समजावत होते, तेवढ्यात मागच्या गोधडीतून एक डोकं वर आलं आणि म्हणालं, "आई, या आमच्या बाई हायत."

माझ्या चौथीच्या वर्गातली मुलगी. दुसऱ्या बाकावर बसायची, रोज वेणी घालून यायची, पाढे चोख. माझ्या हजेरीपटात तिचा पत्ता जवळच्या एका चाळीचा होता, खोली क्रमांकासकट. चाळीखालच्या दुकानदाराने तो वापरू दिला होता. जन्मदाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे शिक्षणहक्क कायद्यात आहे आणि तो तेव्हा लागू होऊन वर्ष होत आलं होतं. पण तिच्या आईला ते कोण सांगणार? तिने पत्त्यावाचून मुलीला शाळेत घेणार नाहीत या भीतीने खोटा पत्ता दिला, आणि मी वर्षभर तो खरा मानून बसले.

मग फॉर्म भरला. जन्मस्थान? "हितंच." याआधी कुठे राहत होतात? "कुटं न्हाई, हितंच." किती वर्षं? ती म्हणाली, पूल नव्हता तेव्हापासून. पुलाचे खांब उभे राहताना तिने पाहिले होते, काम चालू असताना वर्षभर पलीकडच्या फूटपाथवर सरकली आणि पूल झाल्यावर परत आली. मुंबईत जन्मलेली बाई. माझा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला.

आता दादाची गोष्ट, कारण तिच्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या सोसायटीने वॉर्डात अर्ज दिला की पुलाखालचं अतिक्रमण हटवावं. दादा आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो आणि तेव्हा कमिटीवर होता. अर्ज त्याने लिहिला, पहिली सही त्याची. पावसाच्या तोंडावर महापालिकेची गाडी आली. ताडपत्र्या, भांडी, स्टोव्ह, गोधड्या सगळं उचलून गेली. त्यात एक पिशवी होती. पिशवीत दोन मुलांची लस टोचल्याची कार्डं, तिच्या नवऱ्याचा मृत्यूचा दाखला आणि मुलीचं प्रगतिपुस्तक, मी सही केलेलं. ती बाई तीन दिवस त्या पिशवीसाठी फिरली. भांडी मागत नव्हती, पिशवी मागत होती. मिळाली नाही.

लोकांना वाटतं कारवाई म्हणजे माणसं हटतात. माणसं आठवड्यात परत येतात, जाणार कुठे? परत येत नाहीत ते कागद. आणि कागद गेला की रेशनकार्डाचा अर्ज, जातीचा दाखला, दवाखान्यातली सवलत, सगळं पहिल्या पायरीवर. बेघर माणसाला बेघर ठेवण्याचं काम आपली ती गाडी करते, असं माझं स्पष्ट मत आहे.

दादाशी भांडले तेव्हा तो म्हणाला, "त्यांना निवाऱ्यात जायला सांगितलं होतं. गेले नाहीत. त्यांना असंच राहायचं असतं." म्हणून मी जाऊन बघून आले. सांगितलेला निवारा दोन रेल्वे स्टेशनं पलीकडे होता आणि फक्त पुरुषांसाठी होता. तिने तिथे काय करायचं? तिचा दिवस पहाटे चारला दादरच्या फूलबाजारात सुरू होतो आणि रात्री दहाला सिग्नलवर संपतो. फुलं बाजारातून चालत आणता येतील एवढ्याच अंतरावर तिला राहावं लागतं. बरं, बायकांचा निवारा मिळाला, तर चौदा वर्षांचा मुलगा कुठे जाणार? स्टोव्ह कुठे पेटवणार? दिवसा बोचकं कुठे ठेवणार? निवारा एका माणसाला एक रात्र झोपायला जागा देतो. इथे अख्खं बिऱ्हाड आहे. एकट्या माणसाच्या मापाची सोय कुटुंबासमोर ठेवायची आणि ते नाही म्हणालं की हट्टी ठरवायचं, हे शहर वर्षानुवर्षं करत आलंय. कुटुंब एकत्र राहील असे निवारे कामाच्या जागेजवळ काढा, सामानाला कुलूपबंद जागा द्या, आणि मग विचारा का येत नाहीत.

दुसरं कारण भीती. आपल्याकडे १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा अजून आहे. त्यात भिकाऱ्याच्या व्याख्येत नुसती भीक मागणारी माणसं येत नाहीत. उपजीविकेचं दिसेल असं साधन नसताना, भीक मागून जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी वावरणारा माणूसही येतो. पकडून भिक्षेकरीगृहात ठेवायची मुदत पहिल्यांदाच एक ते तीन वर्षं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्यापुरती यातली बरीच कलमं रद्द केली, आपल्याकडे तसं झालेलं नाही. आणि पारध्यांच्या मागे तर अख्ख्या जमातीला जन्मानेच गुन्हेगार धरणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमात कायदा लागला होता, तो १९५२ ला उठला तरी पोलिसांच्या आणि सोसायट्यांच्या डोक्यातून उठलेला नाही. सरकारी गाडीत बसा, निवाऱ्यात नेतो, असं म्हटल्यावर ही माणसं पळतात यात मला काही नवल वाटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १९८५ चा फूटपाथवासीयांचा निकाल बऱ्याच जणांना माहीत असतो. अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ च्या पावसात लोकांना उठवलं, त्यावरचा. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे न्यायालयाने त्यात मान्य केलं. पण त्याच निकालात असंही होतं की फूटपाथ ही राहायची जागा नव्हे, आणि पर्यायी जागा द्यायची ती १९७६ च्या गणनेत मोजल्या गेलेल्यांना. म्हणजे पुन्हा कागदच. कोणी कधी मोजलं, यावर सगळं.

म्हणून मी पुढे जमलं ते केलं. काही वर्षांनी मतदार यादीच्या कामाला बीएलओ, म्हणजे एका मतदान केंद्रापुरती यादी बघणारी कर्मचारी, म्हणून नेमली गेले. बेघर माणसाला मतदार होता येतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्याने अर्जात जी जागा लिहिली तिथे बीएलओने एकाहून जास्त रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का, एवढं पाहायचं. मी गेले. दोन रात्री. ती बाई तिथेच होती, खांबाला पाठ लावून गजरे ओवत. तिचा अर्ज मी पुढे पाठवला, तिचं कार्ड आलं आणि त्यावर पत्ता आला पुलाखालचा. ते तिने लॅमिनेट करून ब्लाउजमध्ये ठेवायला सुरुवात केली, पिशवीत नाही. मुलगी दहावी झाली.

दादा तेव्हा म्हणाला होता, "आता मतदार केलंस, उद्या घर मागतील." मागू देत. दादा, तू हे वाचशील, वहिनी तुला वाचून दाखवेलच, म्हणून इथेच लिहिते. बाबा संगमेश्वराहून आले तेव्हा लालबागला गावकीच्या खोलीत राहिले. पंचवीस-तीस गडी एका खोलीत, पाळीप्रमाणे झोपायचे, आणि उन्हाळ्यात बाबा रस्त्यावर वळकटी टाकायचे, हे त्यांनी आपल्याला दोघांना सांगितलेलं आहे. त्यांची ट्रंक मात्र खोलीत असायची. रेशनकार्ड त्या ट्रंकेत असायचं. ती बाई आणि बाबा यांच्यात मला ती ट्रंक सोडून दुसरा फरक सापडला नाही. बाबा मेहनत करायचे असं तू म्हणालास. ती पहाटे चारला उठते.

काही गोष्टी मान्य करते. पुलाखाली दारू होती, एकदा चाकू निघाला होता, आणि वासाबद्दल सोसायटीची तक्रार खोटी नव्हती. जवळचं सार्वजनिक शौचालय रात्री कुलूप लावून बंद, आणि सकाळी दर खेपेला पैसे. ते चोवीस तास उघडं ठेवा असा अर्ज सोसायटीने दिला असता तर मी पहिली सही केली असती. मानसिक आजार असलेल्या, एकट्या पडलेल्या माणसांचा प्रश्न वेगळा आहे, त्यांच्यासाठी निवारा खरोखर जीव वाचवतो, आणि चांगले चालवलेले निवारेही मी पाहिलेत. परळच्या रुग्णालयांबाहेर झोपणारे पेशंटचे नातेवाईक हा आणखी वेगळा प्रश्न, त्यांची घरं गावी असतात. आणि मी सांगतेय ते एका पुलाखालचं. पुण्या-नाशकात सगळं असंच असेल असा दावा नाही.

तुमच्या इमारतीसमोर कोणी राहत असेल तर अर्ज लिहिण्याआधी एकदा जाऊन विचारा, कागद काय काय आहेत आणि कुठे ठेवता. झेरॉक्स काढून तुमच्या कपाटात ठेवून द्या. मी आता अकरापैकी सहा बिऱ्हाडांच्या झेरॉक्स ठेवते. बाकीच्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आजही सगळे हिशेब २०११ च्या त्या रात्रीवर चालतात. पुढची १ मार्च २०२७ च्या संदर्भ तारखेने व्हायची आहे. मी आता प्रगणक नसेन. पण त्याच्या आदल्या रात्री पुलाखाली जाऊन बसणार आहे. कोणी मोजायला आलं तर उठून उभं राहू नका, नीट सगळी नावं सांगा, एवढं त्यांना सांगायला. दादा, तूही चल.