माळ्यावर खोली करायचीय, आडवी लाकडं कापू का?

प्रश्न : जुनं घर आहे, उतरतं छप्पर, सगळं लाकूडकाम. माळ्यावर मुलांसाठी खोली करायचीय पण मधल्या आडव्या लाकडांना डोकं आपटतं. सुतार म्हणतो ती कापून वर घेऊ आणि खाली प्लाय ठोकून टाकू, लाकूड दणकट आहे. करून टाकू का? आणि वर एक छोटं बाथरूमपण हवंय.

उत्तर : थांबा, आधी करवत बाजूला ठेवा! लाकूड दणकट असेलही, पण ते तिथे काय काम करतंय ते बघायला हवं ना. उतरत्या छपराचे वासे खाली सरकायला बघतात आणि भिंतींना बाहेर ढकलतात. समोरासमोरचे वासे एकमेकांना बांधून ठेवायचं काम ही आडवी लाकडं करतात, म्हणजे ती ओढली जात असतात. तुम्ही कापलीत तर त्या दिवशी काहीच होणार नाही, पण हळूहळू भिंतीचा माथा बाहेर झुकायला लागेल आणि आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं लाकूड, मधे खचेल. वर घेतली तरी तेच, जितकी वर तितका वाशावर वाकण्याचा ताण जास्त, आणि अगदी आढ्याजवळ नेली की भिंती धरून ठेवायला ती जवळपास निरुपयोगी. वाशांच्या मधे तिरके टेकू असतील तर तेही तसेच, जागा अडवतात म्हणून काढायचे नाहीत, त्यांच्या जागी दुसरा आधार आधी द्यायचा.

आता जमीन. माळ्याच्या कड्या, म्हणजे जमीन पेलणारी लाकडं, बऱ्याचदा खालचं छत आणि थोडं अडगळीचं सामान एवढ्याच हिशोबाने टाकलेल्या असतात. राहत्या खोलीला दर चौरस मीटरला १५० ते २०० किलोचा भार धरतात. प्लाय ठोकून तो फरक भरून निघत नाही. कडीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण उंची १० सेंटीमीटरची १५ केली की तोच ताठपणा जवळजवळ ३.४ पट, म्हणून मला विचाराल तर जुन्या कड्यांच्या मधे नव्या उंच कड्या टाका, थेट भार घेणाऱ्या भिंतींवर टेकवून, आणि खालच्या छताला न चिकटता, नाहीतर वर चाललं की खालचा गिलावा तडकणार. अर्थात खालची मधली भिंत नुसता आडोसा आहे की खरंच भार घेते हे बघितल्याशिवाय तिच्यावर काही टेकवू नका.

जिन्यासाठी भोक पाडताना ते कड्यांच्या दिशेने लांब ठेवा, कमी कड्या कापल्या जातात. कापलेल्यांचं वजन बाजूच्या कड्यांवर जातं तेव्हा त्या दुहेरी करायच्या.

आणि भिंतीत गेलेली टोकं! तिथे ओल धरते, वाळवी लागते, वरून छान दिसतं पण स्क्रूड्रायव्हर टोचला की आत भुसा. प्रत्येक टोक टोचून बघा, कंटाळा आला तरी. मधे जरा वाक असेल तर लगेच घाबरू नका, जुनं लाकूड वर्षानुवर्षं वजन घेऊन वाकतंच. टोक कुजलेलं किंवा भिंतीला वरच्या बाजूला नवीन भेग, हे मात्र गंभीर.

बाथरूम करता येईल पण ते जमतं तेवढं भिंतीजवळ घ्या, पाण्याने भरलेला टब कड्यांच्या मधोमध नको. पाइपांसाठी प्लंबर कड्यांना खाचा पाडतो ना, तेव्हा तिथे उभे राहा. खाच कडीच्या उंचीच्या आठव्या भागापेक्षा खोल नको आणि लांबीच्या मधल्या भागात तर नकोच, भोक उंचीच्या बरोबर मध्यावर पाडायचं, पाव उंचीपेक्षा मोठं नाही. सांडपाण्याचा जाड पाइप यात बसत नाही, तो कड्यांना समांतर न्यावा लागतो, म्हणून बाथरूमची जागा कड्या टाकायच्या आधी ठरवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला सगळं एकदमच दाखवा.