गाझातील कुटुंबासाठी मागितलेली मदत खरोखर पोहोचते का?

आपला प्रश्न मला असा समजला: इन्स्टाग्रामवर गाझातील एका अनोळखी तरुणाने कुटुंबाच्या मदतीसाठी आपल्याला लिंक पाठवली आहे आणि तीन हजार रुपये द्यावेत असे आपल्या मनात आहे, परंतु तो खरा आहे का, पैसे त्याच्या हाती पडतील का आणि भारतातून असे पैसे पाठवणे कायद्यात बसते का, याविषयी शंका आहे. मी मूळची कोल्हापूरची. गेली अकरा वर्षे डब्लिनमध्ये हिशेबनिसाचे काम करते, आणि जानेवारी २०२४ पासून एका पॅलेस्टिनी सहकारिणीच्या कुटुंबासाठी जमवलेल्या पैशांची वही माझ्याकडे आहे. उत्तर त्या वहीच्या आधारानेच देते.

आधी एक गोष्ट सांगते, कारण खरेखोटे पारखायला तीच उपयोगी पडते. गोफंडमीसारख्या संकेतस्थळावर निधी गोळा करायचा तर तो काढून घेणाऱ्याचे बँक खाते ठरावीक देशांतच असावे लागते. त्या देशांच्या यादीत पॅलेस्टाइन नाही आणि भारतही नाही. म्हणजे आपल्याला निरोप पाठवणारा तरुण गाझात असला, तरी पैसे आधी आयर्लंड, जर्मनी, कॅनडा अशा कुठल्यातरी देशात राहणाऱ्या दुसऱ्याच माणसाच्या खात्यात जातात आणि तो ते पुढे पाठवतो. पुष्कळ लोक तरुणाचा फोटो, त्याच्या तंबूची चित्रफीत, त्याच्या मुलांचे चेहरे बारकाईने न्याहाळतात आणि या मधल्या माणसाचे नाव वाचतही नाहीत. फोटो चोरता येतात, दुसऱ्याचे आवाहन जसेच्या तसे उचलता येते. त्यामुळे पारख करायची ती मधल्या माणसाची. तो कोण आहे, कुटुंबाशी त्याचे नाते काय, आजवर किती रक्कम काढली आणि ती कोणत्या मार्गाने पोहोचवली, हे त्याला सरळ विचारावे. मला असे विचारणाऱ्यांचा कधी राग आला नाही. उलट न विचारता शंभर युरो देणाऱ्यांचीच मला जास्त काळजी वाटे.

आमच्या कामात ती मधली व्यक्ती मी होते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सुमारे बाराशे माणसे मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली आणि त्यानंतर गाझावर जे सुरू झाले ते आपण वाचलेच आहे. माझ्या सहकारिणीचे आईवडील, भाऊ, वहिनी आणि दोन लहान भाचरे अशी सहा माणसे गाझा शहरातून निघून, दोनदा मुक्काम हलवून, शेवटी रफाहजवळ तंबूत आली होती. एक्केचाळीस किलोमीटर लांबीच्या त्या पट्टीतून सामान्य माणसाला बाहेर पडायला रफाहची इजिप्तकडची वेस एवढीच वाट उरली होती, आणि तिथून जाण्यासाठी ज्याला तिकडे ‘तनसीक’ म्हणतात ते करावे लागे. शब्दशः अर्थ समन्वय. व्यवहारात अर्थ पैसे भरून नाव यादीत घालणे. २०२४ च्या सुरुवातीला हे काम हला नावाची इजिप्शियन कंपनी करत होती आणि वृत्तपत्रांनी तेव्हा छापलेला दर प्रौढ माणसामागे पाच हजार डॉलर, सोळा वर्षांखालील मुलामागे अडीच हजार डॉलर असा होता. चार मोठे आणि दोन लहान म्हणजे पंचवीस हजार डॉलर. रक्कम ऐकून मी तिला दोनदा विचारले की एखादे शून्य जास्त तर पडले नाही ना.

पैसे कसे जमले हे थोडक्यात सांगते, कारण त्यात विशेष काही नाही. कार्यालयातील लोकांनी दिले, तिच्या शेजाऱ्यांनी दिले, संक्रांतीच्या मेळाव्यात आम्ही तिघींनी बटाटेवडे विकून सहाशे चाळीस युरो उभे केले. तिथेच एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारले की आपल्याकडचे शेतकरी मरत असताना हे परक्यांचे कशाला. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. मी त्यांना एवढेच म्हणाले की आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुले, राहून गेली आणि त्या वेळीही आपल्याकडे दुष्काळ आणि टंचाई होतीच. त्यांनी वीस युरो दिले. मन वळले की वडे आवडले, हे मला सांगता येणार नाही.

मार्चच्या मध्यापर्यंत साडेसतरा हजारांच्या वर युरो हाती आले. त्यातून संकेतस्थळाचे व्यवहारशुल्क साधारण तीन टक्के गेले. आता प्रश्न असा की आधी कोण निघणार. देणगीदारांना या प्रश्नाची कल्पना नसते. सगळ्यांचे पैसे जमेपर्यंत थांबावे तर थांबण्याचा अर्थ काय होऊ शकतो हे सर्वांना दिसत होते, आणि अर्ध्यांना काढावे तर कुटुंब तुटणार. निर्णय सहकारिणीच्या वडिलांनी फोनवर दिला: सून, दोन्ही मुले आणि त्यांची आजी. पंधरा हजार डॉलर.

पैसे रोख आणि डॉलरमध्ये भरायचे होते, आणि नाव नोंदवायला जवळच्या नातलगाने कैरोत स्वतः हजर राहायचे होते. म्हणून सहकारिणी आणि तिचा नवरा कैरोला गेले. युरोपीय संघाबाहेर दहा हजार युरो किंवा त्याहून अधिक रोकड नेताना सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडे ती जाहीर करावी लागते. आम्ही बँकेचे उतारे, निधीसंकलनाच्या पानाची प्रत आणि देणगीदारांची यादी असा जाडजूड गठ्ठा तिच्याबरोबर दिला होता. विमानतळावर चाळीस मिनिटे गेली, अडवणूक झाली नाही. कैरोत नावे नोंदवल्यावर रोज रात्री प्रसिद्ध होणारी प्रवाशांची यादी, ज्याला ते ‘कश्फ’ म्हणतात, फोनवर चाळत बसायचे. चौघांची नावे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली. आम्हां दोघींचा त्या रात्रीचा आनंद निर्भेळ नव्हता, कारण त्याच यादीत नसलेली दोन नावे आम्ही आपोआप शोधत होतो.

त्या दोघांसाठी दहा हजार डॉलर हवे होते. मे महिन्याच्या सुरुवातीला आमच्याकडे त्याहून सुमारे हजार युरो कमी होते. ७ मे २०२४ रोजी इस्रायली सैन्याने रफाहच्या वेशीची पॅलेस्टिनी बाजू ताब्यात घेतली आणि ती वाट बंद झाली. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत, युद्धविरामाच्या काळात, काही रुग्ण आणि जखमी तिथून बाहेर नेले गेले, परंतु पैसे भरून कुटुंबाने निघण्याचा मार्ग म्हणून तिचा उपयोग उरला नव्हता. वडील आणि भाऊ आजही गाझात आहेत.

लोकांनी पैसे दिले होते ते सुटकेसाठी. सुटकेची वाट बंद झाल्यावर उरलेल्या आठ हजारांवर युरोंचे काय करायचे? माझ्या मते याचे एकच प्रामाणिक उत्तर होते आणि ते म्हणजे प्रत्येक देणगीदाराला लिहून विचारणे. चारशेहून अधिक लोकांना आम्ही पत्र लिहिले: पैसे परत हवेत का, की आतल्या दोघांचे अन्न आणि बाहेरच्या चौघांचे भाडे यासाठी चालतील? सहा जणांनी परत मागितले, त्यांना ते दिले. आपल्याला लिंक पाठवणाऱ्याच्या पानावर जर ‘सुटका’ हा उद्देश अजून लिहिलेला असेल, तर तो आज कसा साधणार हे विचारा. उत्तर खरे असेल तर बहुधा ते असे येईल की सध्या पैसे जगण्यासाठी लागत आहेत.

आता पैसे पोहोचण्याविषयी. गाझातील माणसाच्या बँक खात्यात किंवा मोबाइलमधील पाकिटात परदेशातून रक्कम जमा होऊ शकते. आकडा फोनवर दिसतो. अडचण तो आकडा नोटांत उतरवण्याची आहे. युद्ध सुरू झाल्यापासून इस्रायलने नव्या नोटा आत जाऊ दिल्या नाहीत, बँकांच्या शाखा आणि एटीएम उद्ध्वस्त झाली, आणि तेच शेकेल, म्हणजे तिथे चालणारे इस्रायली चलन, हातोहात फिरून इतके जीर्ण झाले की फाटक्या नोटा चिकटवून देणे हा तिकडे रस्त्यावरचा धंदा झाला. ज्याच्याकडे रोकड आहे तो ती कमिशन कापून देतो. या कापण्याला ‘तक्यीश’ म्हणतात. आमच्या वहीत २०२४ च्या उन्हाळ्यात हा दर पंधरा टक्क्यांच्या आसपास दिसतो, आणि जुलै २०२५ मध्ये, म्हणजे २२ ऑगस्टला गाझा शहर आणि परिसरात अधिकृतपणे दुष्काळ जाहीर होण्याच्या महिनाभर आधी, तो चाळीस टक्क्यांवर गेलेला आहे. म्हणजे आम्ही पाठवलेल्या तीनशे युरोंपैकी तिच्या भावाच्या हातात एकशे ऐंशीच पडले. यात फसवणूक मधल्या माणसाची नाही, कुटुंबाची तर नाहीच. परंतु ‘पैसे पूर्ण पोहोचतात’ असे सांगणारा माणूस एकतर अनभिज्ञ आहे किंवा खोटे बोलतो. काही दुकानदार थेट फोनवरून पैसे घेतात, पण मग वस्तूची किंमत चढी लावतात.

कैरोत पोहोचलेल्यांची स्थिती निराळी, आणि तिच्याविषयी फार कमी लिहिले जाते. वेशीवर त्यांना पंचेचाळीस दिवसांचा परवाना मिळाला. तो संपल्यावर त्यांचे राहणे कागदोपत्री अधांतरी झाले. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था गाझा, पश्चिम किनारा, जॉर्डन, लेबनॉन आणि सीरिया इथे काम करते, इजिप्तमध्ये नाही. निवासाचा परवाना नसल्याने सरकारी शाळेत मुलांना प्रवेश नाही. दोघेही पश्चिम किनाऱ्यावरील रामल्लाच्या पॅलेस्टिनी शिक्षण खात्याचे वर्ग फोनवर करतात आणि फोन एकच असल्याने आलटूनपालटून करतात. वहिनी औषधनिर्माता आहे, पण तिला तिथे तो व्यवसाय करता येत नाही. कैरोलगतच्या गीझातील फैसल भागातल्या दोन खोल्यांत ती ईदच्या सुमारास खजूर भरलेली बिस्किटे करून शेजारणींना विकते. पहिल्या वर्षी आम्ही ओव्हन घेऊन दिला, त्याचा उपयोग भाड्याच्या पैशांपेक्षाही जास्त झाला असे मला वाटते, जरी देणगीदारांना ओव्हनचा फोटो सुटकेच्या बातमीइतका भावला नाही. त्या आठवड्यात एकंदर दोन देणग्या आल्या.

एक अडचण माझ्या हातून झाली, तीही सांगते. कैरोला भाड्याचे पैसे पाठवताना कारणाच्या रकान्यात मी प्रामाणिकपणे ‘गाझातील कुटुंबास मदत’ असे लिहिले. हमास युरोपीय संघाच्या दहशतवादी यादीत आहे, त्यामुळे असे शब्द दिसले की बँका व्यवहार तपासणीसाठी बाजूला काढतात. माझ्या बँकेने तो एकोणीस दिवस रोखून धरला. तेव्हापासून मी घरमालकाचा करार आणि भाडेकरूची ओळख आधीच जोडून पाठवते. सत्य लपवायचे नाही, कागद पुढे करायचे. तुमचा मधला माणूस असे कागद ठेवतो की नाही, ही चांगली परीक्षा आहे.

भारतातून देण्याविषयी आपण कायद्याचे विचारले आहे. एफसीआरएचे नाव बरेच जण घेतात. तो कायदा परदेशातून भारतात येणाऱ्या देणग्यांसाठी आहे. बाहेर पैसे पाठवण्यासाठी रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना आहे, तिच्यात निवासी व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे आणि भेट व देणगी हे उद्देश तिच्यात बसतात. स्रोतावर वसूल होणारा कर (टीसीएस) १ एप्रिल २०२५ पासून वर्षाच्या दहा लाख रुपयांपर्यंत लागत नाही, त्यामुळे तीन हजारांना त्याचा प्रश्न नाही. आयकरात देणगीवरची ८०जी ची सवलत मात्र मिळणार नाही. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्यावे लागतील आणि बँक चलनबदलाचे दोन ते साडेतीन टक्के वर लावेल. कोणी थेट कूटचलनात (क्रिप्टोमध्ये), एखाद्या पाकिटाच्या लांबलचक क्रमांकावर पैसे मागितले तर देऊ नये असे माझे मत आहे. गाझात काही खरे लोकही नाइलाजाने ते वापरतात हे मला ठाऊक आहे, परंतु तुम्हाला मागून काहीच तपासता येणार नाही.

अनोळखी निरोपाऐवजी पारखलेले आवाहन शोधायचे असेल तर ‘ऑपरेशन ऑलिव्ह ब्रँच’ या स्वयंसेवकांच्या गटाने २०२४ पासून कुटुंबांच्या आवाहनांची यादी केली आहे. तिथेही मधल्या माणसाला प्रश्न विचारणे सोडू नये. आणि तीन हजार एकदम देण्याऐवजी, शक्य असल्यास, पाचशे रुपये सहा महिने द्यावेत. आमच्या चारशे देणगीदारांपैकी आज तेवीस उरले आहेत, प्रत्येकी महिना दहा युरो, आणि कैरोतील भाडे प्रामुख्याने त्यांच्यावर चालते.

आपल्याला आलेल्या लिंकवर आयोजकाचे नाव असेल, त्याच्याशी संपर्क करण्याचे बटण तिथेच असते. आजच लिहा: तुम्ही कुटुंबाला कसे ओळखता, मागची रक्कम कधी आणि कशी पाठवली, तक्यीशमध्ये किती गेले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला न अडखळता देता आले, तर पैसे पाठवायला हरकत नाही.