बागेचा सल्ला : दिवसाचं ऊन नको, रात्रीचा पारा बघा

प्रश्न : माझी लेक अमेरिकेत मिनियापोलिसजवळ राहते. एप्रिलअखेर मी तिच्याकडे जाणार आहे. तिच्या खिडकीशी कढीपत्ता आणि तुळस आहे, शिवाय यंदा तिने घरातच ट्रेमध्ये टोमॅटो-मिरचीचं बी टाकलंय. गेल्या एप्रिलमध्ये छान ऊन पडलं म्हणून तिने सगळ्या कुंड्या एकदम बाहेर मांडल्या. दोन दिवसांत तुळस काळी पडून लोळली आणि कढीपत्त्याची पानं पांढरी, कागदासारखी झाली. लेक म्हणते थंडीनं झालं, जावई म्हणतात उन्हानं. नेमकं काय झालं? आणि यंदा कुंड्या कधी बाहेर काढायच्या? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, दोघांचंही बरोबर आहे. तुळस थंडीनं गेली आणि कढीपत्ता उन्हानं भाजला. काळं, पाणचट, लोळलेलं पान म्हणजे गारठा. पांढरं किंवा फिकट तपकिरी, कोरडं, कुरकुरीत पान म्हणजे ऊन. हे दोन त्रास वेगळे, त्यांचे उपायही वेगळे. कुंड्या एकाच दिवशी बाहेर काढल्या की दोन्ही एकदम अंगावर येतात.

आधी थंडीचं बोलू. आपण सोलापूरकर ऊन बघून ऋतू ठरवतो, कारण आपल्याकडे फेब्रुवारीत ऊन चढलं की ते मागे फिरत नाही. लेकीच्या मिनेसोटा राज्यात तसं नसतं. दुपारी स्वेटर काढावा इतकी ऊब, आणि त्याच रात्री पारा शून्याखाली. म्हणून तिथे दुपार कशी आहे हे बघूच नका, रात्रीचं किमान तापमान बघा. लेकीच्या फोनवर ते फॅरेनहाइटमध्ये दिसेल, तेव्हा दोन आकडे ध्यानात ठेवा. रात्री सतत ५० च्या वर, म्हणजे १० सेल्सिअसच्या वर राहू लागलं की टोमॅटो आणि तुळस बाहेर राहू शकतात. मिरची आणि कढीपत्त्याला ५५, म्हणजे साधारण १३ सेल्सिअस होऊ द्या. तुळस काळी पडायला पाणी गोठावंच लागतं असं नाही, त्याच्या बऱ्याच वरच्या गारठ्यातही तिची पानं खराब होतात.

आणखी एक फसवणारी गोष्ट आहे. अंदाजात रात्रीचं तापमान ३६ फॅरेनहाइट, म्हणजे २ सेल्सिअस दिसतं आणि सकाळी गवतावर पांढरं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, साचलेलं असतं. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो, तेव्हाही गावातला पारा शून्यावर आलेला नसतो. तापमान मोजतात ते जमिनीपासून वर, सावलीत. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमीन व पानं आपली ऊब थेट आकाशाकडे सोडतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त गार होतात. त्यामुळे चांदणं स्वच्छ पडलेली, निवांत रात्र तिथे सर्वांत धोक्याची. ढगाळ रात्र त्या मानानं बरी.

तारीखच हवी असेल तर मिनियापोलिसला मेचा मध्य धरा. 'शेवटच्या दहिवराची सरासरी तारीख' तुम्हाला त्याआधीची, एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीची सापडेल. पण ती सरासरी आहे. साधारण निम्म्या वर्षांत दहिवर त्या तारखेनंतरही पडतं. हा अर्थ लोक लक्षात घेत नाहीत आणि त्याच दिवशी रोपं लावून मोकळे होतात. कुंड्या मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून दिवसा बाहेर, रात्री आत. टोमॅटो-मिरची जमिनीत लावायची असेल तर मेचा शेवटचा आठवडा उजाडू द्या. मातीच गार असेल तर मुळं पाणी-अन्न नीट ओढत नाहीत आणि रोप जिवंत राहूनही महिनाभर हलत नाही. चार हात खोल जायला नको, चार बोटं खोल थर्मामीटर खुपसून बघा. माती ६० फॅरेनहाइटच्या पुढे गेली की टोमॅटो झपाट्यानं धरतो.

आता ऊन. उजेड लक्स या मापात मोजतात; भर दुपारच्या उघड्या उन्हात तो लाखभर लक्स असतो. खिडकीपासून थोडं आत गेलं तरी तो काही हजारांवर उतरतो, आणि काच अतिनील किरणांचा मोठा भाग अडवते. अशा जागी आलेलं पान पातळ असतं, त्यावरचा मेणचट थर अपुरा असतो. त्याला वाराही माहीत नसतो. हेच पान एकदम उघड्यावर नेलं तर भाजणारच, मग बाहेर हवा कितीही गार असो.

मी कितीतरी वर्षं डाळिंबाच्या रोपवाटिकेत काम केलं. ऊतीसंवर्धनाचं रोप प्रयोगशाळेतल्या बाटलीतून निघतं, मग पॉलिहाऊसमध्ये, मग शेडनेटखाली आणि शेवटी शेतात जातं. यातली एक पायरी गाळा, आणि पंढरपूर-सांगोल्याच्या उन्हात ते रोप आठवडाभरही उभं राहणार नाही. रोपवाटिकेत याला हार्डनिंग म्हणतात. तुमच्या लेकीला तेच करायचंय, फक्त घराच्या मागच्या दारी.

पहिले दोन दिवस कुंड्या तास-दोन तास पूर्ण सावलीत, भिंतीच्या आडोशाला ठेवा. घराची उत्तरेकडची बाजू त्याला उत्तम. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन अर्धा-पाऊण तास द्या. मग रोज थोडं वाढवत जा. आठ-दहा दिवसांनी दुपारचं ऊनही चालेल. जोराचा वारा असेल त्या दिवशी बाहेर काढूच नका, ट्रेमधली रोपं उंच आणि किडकिडीत असतात, मोडतात. या काळात पाणी किंचित ओढून धरा, पण माती कोरडी ठक्क होऊ देऊ नका, कारण वाऱ्यानं छोट्या कप्प्यातली माती एका दुपारीत वाळते. खत आत्ता नको. नाहीतर कोवळी पालवी फुटते, आणि तीच आधी भाजते.

मध्येच गार रात्र आली तर कुंड्या आत घ्या, गॅरेजही चालतं. जमिनीत लावलेल्या रोपांवर जुनी चादर टाका. आपली सोलापुरी चादर तिच्याकडे नक्की असेल, पण ती जड आहे, खाली काठ्या रोवून मग टाका. कडा जमिनीला टेकू द्या, म्हणजे मातीची ऊब आत राहील. प्लास्टिक पानाला टेकलं तर तिथेच पान गोठतं. सकाळी पारा वर आला की चादर काढायची.

कढीपत्त्याची चिंता नको. भाजलेली पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, पण झाड मेलेलं नसतं. नखानं साल हलकी खरवडा. आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. थंडीत त्यानं पानं टाकली असतील तर पाणी कमी करा. झोपलेल्या झाडाला रोज पाणी घालून मुळं कुजवणं हेच तिकडे कढीपत्ता जाण्याचं मोठं कारण आहे.

प्रश्न : मुलगा टोरांटोला आहे. मेथी, कोथिंबीर पेरायलाही मेअखेरपर्यंत थांबायचं का? – एक वाचक, सात रस्ता

उत्तर : मुळीच नाही. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, वाटाणा यांना गारवाच हवा. हलकं दहिवर ती सोसतात. माती मुठीत दाबून बघायला सांगा. गोळा होऊन तसाच राहिला तर अजून ओल जास्त आहे, बोटानं टोचल्यावर सुटला तर पेरा. टोरांटोला ही वेळ एप्रिलच्या उत्तरार्धात येते. कोथिंबिरीला तर उशीर मुळीच करू नये, कारण जूनमध्ये तिथे दिवस पंधरा तासांच्या पुढे जातो आणि ती पानं सोडून फुलावर येते. टोमॅटो-मिरची मात्र तिथल्या व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीच्या सुमारास, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार. तिथले लोकही तोच मुहूर्त धरतात.

प्रश्न : मी म्युनिकला शिकतो, सुट्टीत सोलापूरला आलोय. तिथल्या घरमालकीणबाई म्हणतात, 'आइसहायलिगन' झाल्याशिवाय टोमॅटो बाल्कनीत ठेवू नकोस. यात तथ्य आहे का? – एक विद्यार्थी

उत्तर : आहे. ११ ते १५ मे या पाच दिवसांना तिथे गार संतांचे दिवस मानतात, शेवटचा दिवस सोफीचा. आपला शेतकरी मृगाकडे बघून पेरणीचं ठरवतो तसंच हे. दरवर्षी नेमकी त्याच दिवसांत थंडी पडते असं नव्हे, पण मेच्या मध्यानंतर दहिवराची शक्यता खूपच कमी होते. म्युनिक पाचशे मीटरहून उंचावर आहे, त्यामुळे ऱ्हाइनकाठच्या मित्रानं आधी लावलं म्हणून तू घाई करू नकोस. तुझी बाल्कनी वरच्या मजल्यावर, भिंतीला लागून असेल तर आठवडाभर आधीपासून दिवसा कुंडी बाहेर ठेवायला हरकत नाही, रात्री आत घ्यायची. वरच्या मजल्यावर वारा जास्त असतो, तेव्हा पहिल्या दिवसापासून काठीचा आधार दे, आणि कुंडी दहा-बारा लिटरची तरी घे.