इंग्रजी मुळाक्षरांत स्वर आणि व्यंजनांची सरमिसळ का असते?

तुमचा प्रश्न असा, की मराठीत आधी सगळे स्वर आणि मग 'क'पासून व्यंजनं, तर इंग्रजीत ए, ई, आय, ओ, यू हे स्वर मध्येच कुठेही का येतात? मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. मुलांनी हे विचारलं की मला फार आनंद होतो.

इंग्रजीची लिपी रोमन. रोमनांकडे ती ग्रीकांकडून इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन लोकांमार्फत आली आणि ग्रीकांनी ती फिनिशियनांकडून, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन व्यापारी लोकांकडून घेतलेली. फिनिशियन लिपीत 22 अक्षरं, तीही सगळी व्यंजनांची. स्वर वाचणाऱ्याने संदर्भाने ओळखायचे. ग्रीक भाषेचं तेवढ्यावर भागेना. पण फिनिशियनांचे काही घशातले उच्चार ग्रीकांच्या बोलण्यात नव्हतेच, त्यामुळे ती अक्षरं बिनकामाची उरली होती. ग्रीकांनी ती स्वरांसाठी वापरली. पहिलं 'आलेफ', त्याचा आल्फा झाला आणि पुढे 'ए'. पाचव्या, 'हे' नावाच्या अक्षराचा 'ई' झाला, 'आयिन'चा 'ओ'. जागा मात्र जुन्याच राहिल्या.

नंतर एका अक्षराची दोन झाली तेव्हाही नवं अक्षर जुन्याच्या शेजारीच बसलं. आय-जे आणि यू-व्ही-डब्ल्यू लागोपाठ येतात ते त्यामुळे. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755च्या इंग्रजी शब्दकोशातसुद्धा आय आणि जे यांचे शब्द एकाच विभागात आहेत.

आपली वर्णमाला उच्चारांचा अभ्यास करून लावलेली आहे. क, च, ट, त, प सावकाश म्हणून बघा: उच्चाराची जागा घशाकडून पुढे सरकत ओठांवर येते. शाळेत हे मुलांना करून दाखवायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

आणि इंग्रजीत 'पाच स्वर' म्हणतात ती फक्त अक्षरं. ब्रिटिश प्रमाण इंग्रजीत स्वरांचे उच्चार साधारण 20 आहेत. एकटा 'ए'च घ्या: कॅट, केक, कार, बॉल, अबाउट, प्रत्येक ठिकाणी वेगळा. 'वाय' तर 'यलो'मध्ये व्यंजन आणि 'स्काय'मध्ये स्वर.

म्हणून 'अ' की 'ॲन' हे स्पेलिंग बघून ठरवू नका, शब्द मोठ्याने म्हणा. 'अवर' एचने सुरू होतो, पण एचचा उच्चार नाही, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी'ची सुरुवात 'य'ने ऐकू येते, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. आणि 'एम'चा उच्चार 'ए'ने सुरू होतो, म्हणून 'ॲन एमएलए'.