"तिचं इसब मीच आत ढकललं का?"

वही छोटीच होती. लाल शाईत तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द: मलम. सहा वर्षांच्या लेकीच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या वळ्यांत पूर्वी इसब होतं, तेव्हा स्टिरॉइडचं मलम कधी कधी लावलं, त्याचा हा हिशेब. पुढे इसब ओसरलं आणि दमा सुरू झाला. होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोग बाहेर येत होता, तुम्ही तो दाबलात, म्हणून तो छातीत उतरला. तेव्हापासून ही आई आठवून आठवून तारखा लिहीत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, अकरा वेळा. अकराच वेळा लावलं हो मी."

दाबल्याची ही भीती घेऊन माझ्याकडे बऱ्याच आया येतात. 'तसं काही नसतं' म्हणून त्यांना परत पाठवणं मला पटत नाही, म्हणून ती भीती आली कुठून ते आधी सांगते. होमिओपॅथीत रोग म्हणजे जीवनशक्तीचा बिघाड आणि लक्षण म्हणजे त्याची बाहेर दिसणारी खूण. खूण पुसली तरी बिघाड राहतो आणि आणखी खोल जातो, असं होमिओपॅथी मानते. बरं होण्याची दिशाही हेरिंग या जुन्या होमिओपॅथी डॉक्टरांच्या नावाने सांगितली जाते: आतून बाहेर, वरून खाली, आणि लक्षणं आली त्याच्या उलट क्रमाने. त्यामुळे दमा कमी होऊन अंगावर पुरळ उठली तर ती शुभखूण ठरते.

होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हान्नेमान यांनी 1828 साली जुनाट आजारांवर लिहिलं, तेव्हा दाबलेली खरूज हे बहुतेक जुनाट दुखण्यांचं मूळ मानलं होतं. खरजेमागे एक बारीकसा किडा असतो, हे पॅरिसमध्ये सर्वांसमोर दाखवलं गेलं ते 1834 मध्ये. तो किडा मारला की रोग आत जात नाही, खरूज जाते.

इसब आणि दमा एकाच मुलात पाठोपाठ दिसतात, हे मात्र खरं आहे. दोघांच्या मुळाशी ॲलर्जीची तीच प्रवृत्ती असते. काही मुलांत फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातच दोष असतो, त्वचेचा बांध कच्चा राहतो आणि ॲलर्जी घडवणारे घटक त्यातून आत शिरतात. मलम न लावलेल्या मुलांनाही पुढे दमा होतो. मलम जपून, डॉक्टर सांगतील तितकंच लावायचं, कारण जास्त वापराने त्वचा पातळ होते. पण त्याने इसब फुप्फुसांत जात नाही.

हे ऐकताना ती रडली नाही. तिने वही मिटली आणि हळूच म्हणाली, "इन्हेलरही बंद केलाय. तीन आठवडे झाले. तोही दाबतो म्हणाले. खोकला वाढला तर समजायचं, औषध लागू पडतंय."

मला खरी चीड आली ती इथे. मुलगी सुधारली तर गोळ्यांचा गुण, बिघडली तरी गोळ्यांचाच गुण. आणि इन्हेलरने बरं वाटलं तर ते दाबणं! मग गोळ्या लागू पडत नाहीत हे आईला कळणार तरी कशावरून? दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या असतात. रोजचा इन्हेलर ती सूज उतरवतो. तो मधेच सोडला तर झटका जिवावर बेतू शकतो.

मी डॉक्टर नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं आणि समोरच बालरोगतज्ज्ञांची त्याच दिवसाची वेळ घ्यायला लावली. गोळ्या बंद करा असं म्हटलं नाही. तो वाद त्या दिवशी घातला असता तर ती पुन्हा दोन डॉक्टरांच्या मधे सापडली असती. एवढंच म्हटलं, गोळ्या चालू असल्या तरी इन्हेलर थांबवायचा नाही, आणि गोळ्या घेताय हे बालरोगतज्ज्ञांना सांगायचं.

निघण्याआधी वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही दोघींनी मिळून लिहिलं, निळ्या शाईत: श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, एक वाक्य सलग बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, किंवा झटक्याच्या इन्हेलरने आराम पडत नाही, यांतलं काहीही झालं तर कुणालाही न विचारता थेट दवाखान्यात.